नववीच्या हातचा आशिया

नववीच्या वर्गाला मी जूनमध्ये, पुस्तक उघडायच्या आधी, एकेक कोरा कागद देते आणि आशिया खंड काढायला सांगते. ॲटलास दप्तरात आणि भिंतीवरचा नकाशा गुंडाळून कपाटामागे. चित्र सुबकच यायला हवं असं नाही. अट एकच असते: खंडाची हद्द एका सलग रेघेनं पुरी करायची आणि त्या रेघेच्या आत कोणकोणते देश येतात ते लिहायचं. या कागदाला गुण नाहीत, हे आधीच सांगून टाकते. तरीही सुरुवातीला वर्गात खोडरबरांचाच आवाज जास्त असतो.

आमची शाळा रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत आहे. मच्छीमारांची मुलं, आंबा-काजूच्या बागा असलेल्यांची, एसटीत आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्यांची, वडील किंवा मामा आखातात असलेली, अशी सगळी एकाच वर्गात बसतात. गेली कित्येक वर्षं मी हे कागद जपून ठेवत आले आहे. ते शेजारी शेजारी मांडून बघताना एक गोष्ट मला पक्की पटली. मुलं खंडाची हद्द पाठांतरावरून काढत नाहीत, ओळखीवरून काढतात. ज्या देशांशी त्यांची कुठून तरी ओळख झालेली असते, ते आत येतात. बाकीचे बाहेर राहतात. पुस्तकातला आशिया डोक्यात नसतो असं नाही, पण हात चालू लागला की तो मागं पडतो.

भारत सगळ्यांचा आधी येतो, मधोमध आणि भला मोठा. काठेवाडचा फुगवटा, कन्याकुमारीचं टोक, ईशान्येकडे नेणारी चिंचोळी पट्टी, सगळं जागच्या जागी. पाचवीपासून हा नकाशा त्यांच्या हाताखालून गेलेला असतो. मग त्याला लागून पाकिस्तान, नेपाळ, भूतान, बांगलादेश, म्यानमार. खाली श्रीलंका. वर चीन, जो बहुतेकांच्या कागदावर भारताएवढाच असतो. प्रत्यक्षात तो क्षेत्रफळानं भारताच्या जवळजवळ तिप्पट आहे. उजवीकडे जपान. इथवर पेन्सिल अडखळत नाही. अफगाणिस्तानही हमखास आत असतो, आणि का म्हणून विचारलं तर उत्तर तयार असतं, "आशिया कप खेळतो ना, बाई." त्याच्या पश्चिमेला मात्र पेन्सिल थांबते. बहुतेक कागदांवर हद्दीची रेघ तिथून सरळ खाली अरबी समुद्रात उतरते.

इराण, इराक, सौदी अरेबिया, येमेन, ओमान, कुवेत, तुर्कस्तान हे सगळे त्या रेघेबाहेर. काही मुलं त्या जागी 'आफ्रिका' लिहितात. बरीच जणं 'आखात' लिहून त्याला वेगळी चौकट करतात, आठवा खंड असल्यासारखी.

याचं मला फार आश्चर्य वाटायचं, कारण या मुलांइतकी आखाताची माहिती महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या वर्गात सापडायची नाही. एका मुलीचे अब्बा मस्कतला गोदामात कामाला होते. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागं असतं, हे तिला प्रमाण वेळेचा धडा येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं, कारण रात्रीचा फोन त्या हिशेबानं यायचा. तिथं जाणाऱ्या माणसाबरोबर काय पाठवता येतं आणि काय विमानतळावर काढून घेतात, कुठल्या महिन्यात बाहेर उभं राहवत नाही, कामाचा करार संपला की काय होतं, हे सगळं ती सांगायची. तिच्या कागदावर मस्कत ठसठशीत होतं. पण आशियाच्या रेघेबाहेर, समुद्राच्या पलीकडच्या एका चौकटीत.

मी तिला कारण विचारलं. ती म्हणाली, "गल्फ वेगळंच असतं ना, बाई. आशिया म्हणजे आपल्या बाजूचे देश."

वर्गात वाद घालत बसण्यापेक्षा मी प्रयोगशाळेतून पृथ्वीगोल आणवला आणि तिच्याच हातात दोरा दिला. एक टोक रत्नागिरीवर धरायचं आणि दोरा आधी मस्कतपर्यंत ताणायचा, मग कोलकात्यापर्यंत. दोन्ही अंतरं जवळपास सारखी भरतात, साधारण १७०० किलोमीटर. तिनं दोरा पुन्हा लावून पाहिला. मग वर्गातल्या सगळ्यांनी एकामागून एक लावून पाहिला, आणि त्या दिवशीचा तास त्यातच गेला. कोलकात्याला त्यांच्यातलं कुणी गेलेलं नव्हतं. मस्कत, दोहा, कुवेत इथं अर्ध्या वर्गाच्या घरातलं कुणी ना कुणी जाऊन आलेलं होतं. तरी कोलकाता आपल्या खंडातलं आणि मस्कत परक्या खंडातलं, असं त्यांना सहज वाटत होतं.

हा दोष मुलांचा नाही, असं मला मनापासून वाटतं. घरात 'गल्फला गेलाय' असं बोललं जातं, 'आशियातच आहे' असं कुणी म्हणत नाही. दूरदर्शनवरच्या बातम्यांत तो भाग आशियापासून तोडूनच येतो. शाळेतही आपण आशिया म्हटलं की हिमालय, मोसमी पाऊस, भातशेती आणि दाट लोकवस्ती एवढंच सांगतो. मग वाळवंटातला, तेलावर चालणारा, विरळ वस्तीचा आशिया त्या चित्रात बसणार कसा? क्रिकेटचा पहिला आशिया कप १९८४ मध्ये शारजात झाला आणि तो भारतानं जिंकला, हे सांगितल्यावर वर्ग चकित होतो. २००६ चे आशियाई खेळ दोहात झाले होते, हेही त्यांना नवं असतं. मी हे दोन्ही दाखले वापरते, कारण मुलं खेळाच्या वाटेनं पटकन आत येतात.

आखात आत आलं की पुढचा प्रश्न आपसूक येतो. मग आशिया पश्चिमेला संपतो कुठं? तांबड्या समुद्राशी, हे उत्तर पटतं, कारण मधे पाणी आहे. सुएझपाशी मात्र गाडी अडते. एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "कालवा माणसांनी खणला ना? मग खणायच्या आधी हद्द कुठं होती?" भूगोल शिकवणाऱ्याला याहून चांगला प्रश्न क्वचितच मिळतो. कालवा १८६९ मध्ये सुरू झाला. त्याआधी तिथं कोरडी संयोगभूमी होती आणि व्यापाऱ्यांचे, यात्रेकरूंचे तांडे या खंडातून त्या खंडात चालत जात. प्राचीन ग्रीकांपैकी काही जण तर नाईल नदीलाच हद्द मानत, म्हणजे इजिप्तचे दोन तुकडे दोन खंडांत. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसला ही वाटणी मुळीच मान्य नव्हती. एकसंध असलेल्या भूमीला तीन वेगवेगळी नावं कशासाठी दिली, हेच आपल्याला उमगत नाही, असं त्यानं अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. माझ्या नववीतल्या मुलांना हा माणूस फार जवळचा वाटतो. आजही इजिप्तचा सिनाई भाग आशियात धरतात आणि कैरो आफ्रिकेत.

उत्तरेकडची गोष्ट वेगळी आहे. तिथं मुलांची रेघ चीनच्या डोक्यावरून जाते आणि रशिया अख्खा बाहेर राहतो. त्यांचा तर्क सरळ आहे. रशियाची राजधानी मॉस्को, मॉस्को युरोपात, म्हणून रशिया युरोपात. एक देश एका खंडात, असा त्यांच्या मनातला कायदाच असतो. रशियाचं क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ७१ लाख चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला तीन चतुर्थांश भाग आशियात मोडतो. उलट तिथली तीन चतुर्थांश माणसं युरोपच्या बाजूला राहतात. तो वगळला की आशियाचं उत्तरेकडचं अंगच नाहीसं होतं, आर्क्टिक महासागराला टेकलेला खंड गोबीच्या वाळवंटाशी संपतो.

सायबेरियाशी यांची ओळख कुठून काढायची? मला ती भाट्याच्या किनाऱ्यावर सापडली. थंडीत तिथं कुरवांचे थवे उतरतात. मुलं त्यांना रोज बघतात, मासळी निवडताना हाकलतात. त्यातले तपकिरी डोक्याचे कुरव तिबेटच्या पठारावरच्या आणि मध्य आशियातल्या तळ्यांवरून आलेले असतात. मोठ्या, गडद पाठीच्या कुरवांतले काही थेट रशियाच्या उत्तरेकडच्या टुंड्रातून. तिथं उन्हाळ्यात पिल्लं काढायची आणि बर्फ पडू लागलं की कोकण गाठायचं. एका शनिवारी सकाळी वर्ग घेऊन किनाऱ्यावर गेले, पक्षी दाखवले आणि परत येऊन त्यांचा रस्ता नकाशावर आखायला लावला. त्यानंतर कुणी विचारलं नाही की सायबेरिया आपल्या खंडात कसा काय. काही मुलांनी तर रेघ एवढी वर नेली की कागद पुरला नाही, दुसरा जोडावा लागला.

पूर्वेचं टोकही असंच गंमतीचं आहे. आंतरराष्ट्रीय वाररेषेचा धडा नववीलाच असतो, तेव्हा मी ते तिथं जोडून घेते. आशियाच्या मुख्य भूमीचं सर्वांत पूर्वेकडचं टोक, देझन्योव भूशिर, १८० रेखावृत्त ओलांडून पश्चिम गोलार्धात गेलेलं आहे. तिथून पलीकडे बेरिंगच्या सामुद्रधुनीत दोन छोटी बेटं आहेत, दोघांमध्ये चार किलोमीटरांहूनही कमी अंतर. एक रशियाचं, एक अमेरिकेचं. मधून वाररेषा जाते, म्हणून एका बेटावर रविवार असतो तेव्हा दुसऱ्यावर शनिवार. वाररेषा माणसांच्या सोयीनं वाकवली आहे, हे मुलांना पुस्तकातून ठाऊक होतं. खंडाची रेघही माणसांनीच कुठून तरी कुठं तरी नेली असेल, ही शंका त्यांना त्यामुळे लवकर येते.

उरल पर्वताची हद्द या शंकेला चांगला पुरावा देते. कोकणातल्या मुलांना डोंगराची हद्द लगेच मान्य होते. सह्याद्रीच्या भिंतीखाली वाढलेली मुलं ती. घाटाखालचे आणि घाटावरचे हा भेद त्यांना जन्मापासून माहीत. उरलही तसाच कडा असणार, असं धरून ती तिथं एक जाड रेघ ओढतात. उरलचं सर्वांत उंच शिखर नरोदनाया १८९५ मीटर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा अडीचशे मीटरच उंच. आणि मधल्या टप्प्यात, येकातेरिनबुर्गजवळ, तो इतका बसका होतो की रेल्वे आणि मोटारी सहज ओलांडून जातात. दोन खंड कुठं भेटतात हे कळावं म्हणून रस्त्याकडेला खांब उभारावे लागले आहेत.

हा पर्वत हद्द म्हणून आला तरी कसा? त्याआधी शतकानुशतकं युरोपातले विद्वान डॉन नदीला हद्द धरत होते. १७०९ मध्ये पोल्टावाच्या लढाईत रशियानं स्वीडनचा पराभव केला. कैद झालेल्यांत श्ट्रालेनबेर्ग नावाचा एक स्वीडिश अधिकारी होता. त्याची रवानगी सायबेरियात झाली आणि तिथं दहा-बारा वर्षांत त्यानं त्या प्रदेशाचा अभ्यास करून नकाशे काढले. १७३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यानं उरलची रेघ मांडली. रशियाचा वसिली तातिश्चेव म्हणत असे की ही कल्पना मूळ माझीच. सम्राट पीटरच्या काळापासून रशियाला आपला मुख्य मुलूख युरोपात मोजला जायला हवाच होता, त्यामुळे ती रेघ तिथं रुजली. मी ही हकीकत वर्गात सविस्तर सांगते. युद्धकैद्यानं सुचवलेली रेघ आपल्या पाठ्यपुस्तकात आली आहे, हे ऐकल्यावर मुलं त्या रेघेकडे पहिल्यांदाच नीट बघतात.

हे फक्त आमच्याकडेच घडतं असं नाही. युरोपातल्या संशोधकांनी युरोब्रॉडमॅप नावाचा एक प्रकल्प केला होता. त्यात अठरा देशांतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना जगाचा नकाशा देऊन युरोपची हद्द आखायला सांगितली होती. त्या देशांत भारतही होता. पश्चिम युरोपाबद्दल सगळ्यांचं एकमत, आणि पूर्वेकडे रशिया-तुर्कस्तानपाशी पोचलं की रेघा चहूकडे फाकलेल्या, असं चित्र त्यातून दिसलं. ते वाचलं तेव्हा माझ्या कपाटातल्या कागदांना मोठी सोबत मिळाल्यासारखं वाटलं.

आता समुद्राकडे येते, कारण या सगळ्या कागदांतला माझा सर्वांत आवडता कागद तिथला आहे.

बहुतेक मुलं किनाऱ्यालाच हद्द मानतात. पाणी लागलं की खंड संपला. मग श्रीलंकेचं काय, जपानचं काय, अंदमानचं काय, यावर ती आपापसांत भांडतात आणि 'जवळच्या खंडाचं बेट' असा तोडगा काढतात. मिरकरवाड्याहून येणाऱ्या एका मुलानं मात्र कोकणचा किनारा काढून झाल्यावर त्याला समांतर, बरीच आत समुद्रात, दुसरी रेघ काढली आणि आशियाची हद्द म्हणून तीच गडद केली. मित्रांना वाटलं, चुकून हात सरकला. मी विचारलं तर तो उभा राहून सांगू लागला. त्याचे वडील लाँचवर तांडेल आणि आजोबाही तेच काम केलेले. आजोबा दोरीला शिसं बांधून सोडत आणि किती वाव खोल आहे ते मोजत. किनारा दिसेनासा झाला तरी वीस वाव, पंचवीस वाव, तीस वाव असा तळ लागतच राहायचा. शिशाच्या बुडाला चरबी लावलेली असायची. तिला चिकटून चिखल वर आला की वाळू, त्यावरून जाळं कुठं टाकायचं ते ठरायचं. आता लाँचवर यंत्राच्या पडद्यावर तळ दिसतो, पण तो दिसतोच. "खूप लांब गेल्यावर एकदम खोल होतं," तो म्हणाला. "तिथं संपते, बाई. जमीन किनाऱ्यावर संपत नाही, ती पाण्याखाली जाते नुसती."

पुस्तकात याला भूखंडमंच म्हणतात. खंडाचाच हा बुडालेला काठ. साधारण २०० मीटर खोलीपर्यंत तो मंद उतरत जातो आणि तिथून खंडान्त उतार सुरू होतो. त्या मुलाच्या मापानं ही खोली शंभराहून थोडे जास्त वाव भरेल. मुंबईसमोर हा मंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे आणि दक्षिणेकडे अरुंद होत जातो. १९७४ मध्ये मुंबईपासून दीडशेहून अधिक किलोमीटर आत समुद्रात बॉम्बे हायचं तेल सापडलं, ते याच मंचावर. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा आज जिथं लाँच जाळी टाकतात तिथं कोरडी जमीन होती. श्रीलंका भारताला जोडलेली होती आणि सुमात्रा, जावा, बोर्निओ आशियाच्या मुख्य भूमीला. भूशास्त्राच्या हिशेबानं खंडाची खरी कड तीच, जी त्या मुलानं आजोबांच्या दोरीवरून काढली होती. पुस्तकातला तो धडा पुढे आला तेव्हा मी त्यालाच फळ्यापाशी उभं केलं आणि त्यानं वाव, चिखल, वाळू यांच्यासकट तो शिकवला. मी एवढ्या वर्षांत शिकवला त्याहून तो चांगला झाला.

त्याच तासाला एका मुलीनं विचारलं, लक्षद्वीप मग कुठं बसतं? ती बेटं या मंचावर नाहीत, समुद्रतळावरून उठलेल्या ज्वालामुखीय रांगेवर प्रवाळांनी बांधलेली आहेत. म्हणजे त्या मुलाच्या रेघेबाहेर, पण भारतात आणि म्हणून आशियात. मी तेवढंच सांगितलं आणि पुढचं त्यांच्यावर सोडलं.

जमिनीखालच्या खडकानं विचारलं तर उत्तर आणखी वेगळं येतं. आमच्या शाळेच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत. जांभ्याच्या खाली काळा कातळ आहे, सह्याद्रीचाच, लाव्हा थंड होऊन झालेला. तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्या वेळी भारताचा भूपट्ट आशियाला येऊन भिडलेलाच नव्हता. ती टक्कर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीची, आणि हिमालय त्यानंतरचा. लाव्हा वाहत होता तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, समुद्रानं वेढलेली, एकटी उत्तरेकडे सरकत होती. मैदानात उभं राहून मी मुलांना सांगते, तुमच्या पायाखालचा कातळ तयार झाला तेव्हा तो आशियात नव्हता. त्यावर ती एकदम गप्प होतात आणि नंतर एकाच वेळी दहा प्रश्न विचारतात. एका वर्षी भिक्षुकी करणाऱ्या घरातल्या मुलीनं विचारलं, पूजेच्या संकल्पात जंबुद्वीप, भरतवर्ष आणि गोदावरीचा तीर सांगतात, ते मग कुठलं? पुराणांतल्या सात द्वीपांची, मधल्या मेरू पर्वताची मांडणी मी तिला सांगितली. आपण कुठं बसून पूजा करतो आहोत हे आधी सांगून मग सुरुवात करायची, ही पद्धत मला भूगोलाची शिक्षिका म्हणून फार आवडते.

परीक्षेचं काय, असं पालक विचारतात आणि ते बरोबरच आहे. परीक्षेत उरल पर्वत, उरल नदी, कॅस्पियन समुद्र, कॉकेशस पर्वत, काळा समुद्र, बॉस्पोरस अशीच हद्द लिहायची, हे मी स्पष्ट सांगते आणि घोटून घेते. मात्र ते पाठ करून घेण्याआधी प्रत्येकाच्या हातून त्याची स्वतःची रेघ उमटलेली असली पाहिजे, याबद्दल मी हटून बसते. स्वतःची रेघ समोर असली की पुस्तकातली रेघ तिच्याशी ताडून बघता येते, आणि जिथं दोन्ही जुळत नाहीत तिथं मूल विचार करू लागतं.

गेल्या खेपेला सगळ्यांत जास्त वाद कॉकेशसवर झाला. आमची एक माजी विद्यार्थिनी जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी इथं वैद्यकीय शिक्षण घेते. महाराष्ट्रातून अशी पुष्कळ मुलं जातात, आणि 'युरोपात एमबीबीएस' अशाच जाहिराती असतात. फुटबॉल बघणाऱ्या मुलांच्या मते तर प्रश्नच नव्हता. २०२४ च्या युरो स्पर्धेत जॉर्जियानं रोनाल्डोच्या पोर्तुगालला हरवलं, म्हणजे देश युरोपातला. त्यांना मी सांगितलं की कझाकस्तानही २००२ पासून युरोपच्या फुटबॉल संघटनेत आहे आणि ऑस्ट्रेलिया २००६ पासून आशियाच्या. ते गप्प झाले, पण पटलं नव्हतं. ॲटलासमध्ये कॉकेशसच्या मुख्य रांगेवरून हद्द जात होती आणि जॉर्जिया बहुतेक सगळा तिच्या दक्षिणेला, म्हणजे आशियात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आकडेवारीतही तो पश्चिम आशियात धरतात. उलट १९९९ पासून तो युरोपीय परिषदेचा सदस्य आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय संघानं त्याला उमेदवार देशाचा दर्जा दिला.

मुलांनी तिलाच विचारायचं ठरवलं. माझ्या फोनवरून तिला प्रश्न गेला, "ताई, तू आशियात राहतेस की युरोपात?" तिचं उत्तर लांबलचक बोलून आलं आणि मी ते सगळ्यांना ऐकवलं. तिबिलिसीत सरकारी इमारतींवर देशाच्या झेंड्याशेजारी युरोपीय संघाचा झेंडा तिनं पाहिला आहे, आणि तिथल्या मैत्रिणींना कुणी आशियाई म्हटलं तर रुचत नाही. एकदा ती वर्गाबरोबर उत्तरेला काझबेगीला गेली होती. बस वळणं घेत एका खिंडीत चढली आणि पलीकडे उतरली. तिथली तेरेक नदी उत्तरेकडे वाहत जाते हे बघून तिला आमचा वर्ग आठवला. म्हणजे जलविभाजक ओलांडून ती ॲटलासमधल्या युरोपात पोचली होती, आणि देश मात्र तोच होता, बसचं तिकीटही तेच. "संध्याकाळी परत आशियात आलो," असं म्हणून ती हसली.

वर्गानं यावर जवळजवळ पूर्ण तास घालवला. काहींनी रेघ डोंगरावरून नेली. काहींनी ती आणखी उत्तरेला कुमा-मानिचच्या सखल पट्ट्यातून नेली, कारण तशीही एक जुनी रीत आहे, आणि तशी नेली की ५६४२ मीटरचं एल्ब्रुस आशियात जातं आणि युरोपातल्या सर्वोच्च शिखराचा मान आल्प्समधल्या माँ ब्लाँला मिळतो. दोघी-तिघींनी जॉर्जिया युरोपात घेतला आणि समासात लिहिलं, 'तिथल्या लोकांना विचारून'. मी सगळे कागद मागच्या भिंतीवर लावले आणि ॲटलासमधलं पान मधे लावलं. आग्नेयेकडची हद्द म्हणून इंडोनेशियाही त्याच दिवशी घ्यायचा होता. बालीपर्यंतचे प्राणी आशियाच्या जातकुळीचे आणि सामुद्रधुनी ओलांडून लोंबोकला गेलं की ऑस्ट्रेलियाकडचे पक्षी दिसू लागतात, हे निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसनं एकोणिसाव्या शतकात टिपलं होतं. आणि न्यू गिनी बेटाचा पश्चिमेकडचा अर्धा भाग इंडोनेशियाचा आहे. तो आशियात धरायचा की नाही, यावर मतं मागवेपर्यंत घंटा झाली, म्हणून तो विषय सोमवारच्या तासाला ठेवला.